खळे उघडे, कोठार दगडी
(पन्हाळ्याचा अंबारखाना आणि आपल्या घरचे धान्य)

– ऊस विकास अधिकारी



ऊस विकास विभागाचे पान उघडले की त्यात बेणे, लागण, खताची मात्रा आणि खोडव्याची निगा असणार, हे तुम्ही गृहीतच धरता. या खेपेला थोडे वेगळे लिहितो आहे. ऊस कारखान्याकडे जातो आणि त्याचे बिल बँकेत जमा होते, पण घरात चूल पेटते ती ज्वारी, बाजरी आणि गव्हावर. आपल्यापैकी बहुतेक जण खाण्यापुरते धान्य अजून घरचेच करतात. ते पिकवायचे कसे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पिकलेले धान्य वर्षभर राखायचे कसे, हे आपण विसरत चाललो आहोत. ही गोष्ट माझ्या ध्यानात एका जुन्या दगडी इमारतीत उभे राहिल्यावर आली, म्हणून हा लेख.

तात्यांचा गहू

गेल्या हंगामानंतर आपल्या सभासदांची अभ्यास सहल निघाली होती. पहिला दिवस पुण्यात, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तेथून कोल्हापूरकडची काही शेते पाहिली आणि शेवटच्या दिवशी सकाळी पन्हाळा. गडावरचा अंबारखाना, म्हणजे धान्याची दगडी कोठारे बघायला आम्ही आत शिरलो. बाहेर ऊन रणरणत होते. आमच्यातले एक जुने सभासद (त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो) भिंतीला तळहात लावून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"साहेब, बाहेरनं ही भिंत तव्यागत तापलीय. आतनं बघा, माठागत गार हाय."

गाडीत बसल्यावर त्यांनी बाकीचे सांगितले. त्याआधीच्या वर्षी त्यांनी बारा पोती गहू नव्या स्लॅबच्या खोलीत ठेवला होता. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर दार उघडले तर खोलीत कुबट वास. भिंतीकडची आणि तळची पोती हाताला गरम लागत होती. गव्हाला बुरशी आली होती, गोळे झाले होते, वरच्या पोत्यांत सोंडे किडा होता. सहा पोती उकिरड्यावर गेली. आणि इकडे त्यांच्या वाड्याच्या मागे आजोबांच्या वेळची दगडी कोठी रिकामी पडलेली. त्या कोठीचा घडीव दगड पुण्यातल्या एका बंगल्याच्या कुंपणासाठी विकत घ्यायला गिऱ्हाईक आले होते आणि तात्यांनी इसारही घेतला होता.

मला जास्त लागले ते वेगळ्या कारणाने. गहू कुठे भरू, असे तात्यांनी त्या मार्चमध्ये मलाच विचारले होते. मी म्हटले होते, "पक्की खोली आहे, फरशी आहे, बिनधास्त भरा." पदविकेला असताना धान्य साठवणुकीचा धडा मी शिकलो होतो. तरी घाईत उत्तर दिले आणि गहू हार्वेस्टरचा आहे की खळ्यावरचा, एवढे साधे विचारले नाही.

आपले खळे उघडे का?

माझे लहानपण हडपसरच्या शिवारात गेले. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी तिथे फिरत असे. आमचे खळे रानाच्या उंचवट्यावर होते. जागा निवडताना आजोबा दोनच गोष्टी पाहत. जमीन घट्ट मुरमाची हवी आणि वारा अडवणारे झाड किंवा भिंत जवळ नको. जमीन चोपून, पाणी मारून, शेणाने सारवून ती टणक करायची. मधोमध तिवडा रोवायचा. त्याभोवती बैलांची पात फिरवायची. मळणी झाली की वावडीवर उभे राहून वाऱ्यावर उपणायचे. दाणे सरळ खाली पडत, भूस पुढे उडून जाई. रास झाली की तिची पूजा, मग माप.

या सगळ्यात भिंत नाही, छप्पर नाही, एकही दगड बांधलेला नाही. याचे कारण आपले हवामान. आपली रब्बीची सुगी येते माघ, फाल्गुन, चैत्रात. आकाश कोरडे आणि वारा भरपूर. मळणीला छप्पर घातले असते तर उलट वारा अडला असता आणि ऊनही गेले असते. उन्हात पडलेले कणीस आपोआप वाळे आणि दाणा मळून निघे तोवर तो कडक झालेला असे. म्हणजे खळे ही मळणीची जागा होतीच, पण धान्य वाळवण्याची जागाही तीच होती. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

थंड देशातले खळे

आता ज्या देशात सुगीलाच पाऊस येतो, तिथे काय करत असतील? इंग्लंडमध्ये गहू ऑगस्टच्या सुमाराला कापणीला येतो आणि तिथे पावसाचा नेम नसतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने खळ्यावरच घर बांधले. कापलेल्या पेंढ्या न मळता आत रचून ठेवायच्या आणि हिवाळाभर सवडीने झोडपायच्या.

अशा दगडी खळेघराचा एक नामांकित नमुना ऑक्सफर्डशायर परगण्यात ग्रेट कॉक्सवेल या गावी आजही उभा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो एका ख्रिस्ती मठाच्या शेतीसाठी बांधला गेला. लांबी सुमारे 152 फूट, रुंदी 44 फूट. भिंती दगडी, छपरावर दगडी कौले आणि आत ओकच्या लाकडाचे उंच खांब. हे खांब जमिनीवर टेकवलेले नाहीत. माणसापेक्षा उंच अशा दगडी जोत्यांवर ते उभे केले आहेत, म्हणजे ओल लाकडापर्यंत चढत नाही.

अशा खळेघरांची मूळ रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. लांब भिंतींत समोरासमोर दोन मोठी दारे असतात. भरलेली गाडी एका दाराने आत येऊन दुसऱ्याने बाहेर पडावी इतकी ती मोठी. दोन दारांच्या मधली पट्टी म्हणजे खळे. उपणायच्या वेळी दोन्ही दारे उघडली की वारा आरपार वाहतो. भिंतीत अरुंद, उभ्या फटी ठेवतात, म्हणजे हवा खेळती राहते पण पाऊस आत येत नाही. थोडक्यात, आपल्या उंचवट्यावरच्या वाऱ्याचे काम त्यांनी दोन दारांकडून करून घेतले.

1786 साली स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मिकल यांनी मळणी यंत्र तयार केले. पुढे यंत्रे पसरली तशी या खळेघरांची गरज कमी होत गेली. आपल्याकडेही मळणी यंत्र आणि हार्वेस्टर आल्यावर खळी गेली. फरक इतकाच की तिथली घरे दगडी होती म्हणून मागे राहिली. आपली खळी सारवलेली होती, ती एका पावसात मातीत मिसळली.

पन्हाळ्याची गंगा कोठी

मग आपल्या पूर्वजांनी दगड कुठे वापरला? मळणीला नाही, साठवणीला. दाणा वाळेपर्यंत तो उघड्यावर आणि वाळला की जाड भिंतींच्या आत. खळे उघडे, कोठार दगडी, असा हा हिशेब आहे.

पन्हाळ्याचा अंबारखाना हे त्याचे उत्तम उदाहरण. अंबार म्हणजे रास, साठा. गडाच्या मधोमध विजापुरी धाटणीच्या तीन इमारती आहेत आणि त्यांना गंगा, यमुना, सरस्वती अशी नावे आहेत. सर्वांत मोठी गंगा कोठी. ती सुमारे 10,200 चौरस फूट जागा व्यापते, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ साडेनऊ गुंठे. उंची सुमारे 35 फूट. पंचवीस हजार खंडी धान्य मावे, असे सांगतात.

1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. तो चार महिन्यांच्या वर चालला. जुलैत, भर पावसाळ्यात शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले आणि गड त्यानंतरही सप्टेंबरपर्यंत सिद्दीच्या हाती गेला नाही. तलवारीची गोष्ट आपण सगळे सांगतो. पण वेढ्यात अडकलेल्या माणसांना रोज दोन वेळा खायला लागते. ऐन पावसात गडावरचे धान्य सडले असते तर तलवारी धरायला हातच राहिले नसते.

आता बांधणी बघा. गंगा कोठीच्या दोन्ही बाजूंनी माथ्यावर जाणारे जिने आहेत. आत सोळा खण, प्रत्येक खणाला स्वतःचे चपट्या घुमटासारखे छत आणि त्या छताला एक भोक. धान्य पाठीवरून जिन्याने वर न्यायचे आणि भोकातून आत ओतायचे. धान्य आपल्या वजनाने खाली पसरते. कोठार थेट छतापर्यंत भरता येते आणि भरताना माणसाला राशीवर उभे राहावे लागत नाही. वरचे भोक झाकले की खण बंद.

सोळा खण का, एकच मोठी खोली का नाही? याची दोन उत्तरे मला दिसतात. पहिले, धान्य पाण्यासारखे भिंतीला बाजूने रेटते. एक घनमीटर गहू साडेसात क्विंटलच्या आसपास भरतो. पस्तीस फूट उंचीच्या कोठीत केवढा भार होईल, याचा तुम्हीच अंदाज करा. पाझर तलावाचा बांध तळाला रुंद का करतात हे आपल्याला ठाऊक आहे. तोच न्याय इथे. म्हणून भिंती जाड आणि छताचा भार कमानींवर वाटून दिलेला. दुसरे उत्तर आपल्या घरच्या शहाणपणाचे आहे. वेगवेगळ्या पिकांचे आणि वेगवेगळ्या सालचे धान्य वेगळे राहिले, तर एका ठिकाणची कीड सगळीकडे पसरत नाही आणि जुने आधी काढता येते.

ज्यांना पन्हाळा लांब पडतो त्यांनी जुन्नरला शिवनेरीवर जावे. आपल्याच पुणे जिल्ह्यातला हा गड आहे आणि तिथेही दगडी अंबारखाना आहे. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आणि शिवनेरी दोन्ही आहेत.

दगडी भिंत काम कशी करते?

तात्यांच्या तळहाताने जे ओळखले, त्याचे शास्त्र असे. धान्य जिवंत असते. ते श्वास घेते. त्यात ओल जास्त असेल तर श्वास जोरात चालतो, उष्णता आणि आणखी ओल तयार होते, बुरशी आणि किडीला फावते. त्यातून धान्य आणखी गरम होते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

पातळ भिंतीची आणि स्लॅबची किंवा पत्र्याची खोली दिवसा तापते आणि रात्री गार पडते. तापलेल्या बाजूच्या धान्यातून वाफ निघते आणि ती गार बाजूला जाऊन बसते. सकाळी पत्र्याला आतून थेंब लोंबताना तुम्ही पाहिले असतील, ते हेच. जाड दगडी भिंत मात्र तापायलाही वेळ घेते आणि निवायलाही. आतले हवामान दिवसरात्र जवळजवळ सारखे राहते. वाफेची ये-जा होत नाही.

चुन्याचे बांधकाम आणखी एक काम करते. चुना ओल शोषतो आणि कोरड्या हवेत सोडून देतो. अशा जुन्या भिंतींना आपण हौसेने सिमेंटचे गिलावे करतो, तेव्हा ओलीची बाहेर जायची वाट बंद होते आणि ती आत फुटते.

आपल्या गावांतली पेवे आणि वाड्यांतली बळदे याच विचाराची लहान रूपे होती. पेवात धान्य भरून तोंड लिंपले की आतला प्राणवायू धान्य आणि किडीच्या श्वासानेच संपतो आणि कीड गुदमरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. आधी दिवा सोडून तो विझतो का ते बघत. दिवा विझला तर माणूसही विझणार, हे त्यांना कळत होते.

पाटण्याचा गोलघर

मोठी आणि भक्कम इमारत बांधली म्हणजे झाले, असेही नाही. बिहारमध्ये पाटण्याला गोलघर नावाचे धान्याचे प्रचंड कोठार आहे. 1770 च्या भीषण दुष्काळानंतर कंपनी सरकारने ते बांधायला घेतले आणि कॅप्टन जॉन गार्स्टिन याने 1786 मध्ये पुरे केले. उंची 29 मीटर, तळाशी भिंतीची जाडी साडेतीन मीटरच्या वर, आत एकही खांब नाही. बाहेरून वळणाचा जिना, माथ्यावर धान्य ओतायचे भोक. म्हणजे कल्पना पन्हाळ्याचीच. पण खालची दारे आतल्या बाजूला उघडणारी केली आणि म्हणून ते कधी पूर्ण भरता आले नाही, असे सांगतात. भरलेले धान्य दाराला आतून दाबून धरणार, मग दार आत उघडणार कसे? आपल्या बळदाला दार नसते. समोर आडव्या फळ्या खाचेत सरकवलेल्या असतात. धान्य उपसत जावे तशी वरून एकेक फळी काढायची. ज्याला रोज त्यातून शेर-दोन शेर काढायचे होते, त्यानेच ते बांधले होते.

तात्यांचा गहू का नासला?

आता मागे सोडलेला मुद्दा. त्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला होता. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण विसरलेलो नाही. उन्हाळ्याच्या तोंडाचे आकाश कोरडेच राहील, हा जुना भरवसा आता धरता येत नाही. शिवाय गहू हार्वेस्टरने निघाला. सकाळी उभा असलेला गहू संध्याकाळी पोत्यात. खळ्यावर जे आठ-पंधरा दिवस ऊन मिळत असे, ते मिळालेच नाही. वाळवणीची पायरी आपण न कळत गाळली. त्या दमट, गरम गव्हाची पोती थेट फरशीवर, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून थप्पी मारली आणि दार बंद केले. दोष एकट्या स्लॅबचा नाही, आमच्या दोघांच्या घाईचा आहे.

म्हणून प्रत्येकाने एवढे तरी करावे:

1. यंत्रातून निघालेले धान्य ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. साठवणीच्या वेळी ओलावा 10 ते 12 टक्क्यांच्या वर नसावा. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, दबता कामा नये.

2. शंका असल्यास कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य आणि कोरडे मीठ घालून दहा मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे असे समजावे. मीठ सुटे राहिले तरी दाताची परीक्षा सोडू नये.

3. उन्हातले गरम धान्य लगेच भरू नये. रात्रभर निवू द्यावे, मग भरावे.

4. पोती फरशीवर ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या किंवा चौकटी टाकाव्यात. भिंतीपासून दीड फूट जागा मोकळी सोडावी.

5. जुना बारदाना वापरायचा तर उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावा. जुने धान्य आणि नवे धान्य एकत्र करू नये.

6. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघावा. धान्य गरम लागले तर कोरडा दिवस बघून ताबडतोब बाहेर काढावे.

7. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्या वायूने झोपलेली माणसे मेली आहेत. दहा पोती गव्हासाठी हा धोका पत्करू नये.

तात्यांची कोठी

सहलीहून आल्यावर मी तात्यांची कोठी बघायला गेलो. दोन खणांची, भिंत दोन हातांच्या वर जाड, जमिनीपासून गुडघाभर उंच जोते, भरायला वर झरोका. पन्हाळ्यापुढे ती अगदीच लेकरू, पण रीत तीच. गिऱ्हाइकाच्या माणसांनी एका भिंतीचे वरचे तीन थर आधीच उतरवून नेले होते.

तात्यांनी इसार परत केला. नेलेला दगड मात्र परत आला नाही. तिथे आता विटांचे तीन थर आहेत, चुन्यात बांधलेले. वर कौले बसवली. या वर्षी त्यांनी ज्वारी त्याच कोठीत भरली. ती भरायच्या आधी ताडपत्रीवर तीन दिवस वाळवली आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावून चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

"चावा साहेब," म्हणाले, "आणि मग सांगा, भरू का नको."

मी चावले. कट्कन आवाज आला. तेव्हाच म्हटलं, भरा.

बंधूंनो, ज्यांच्या वाड्यात अशी कोठी, बळद किंवा पेव शिल्लक असेल, त्यांनी दगड विकण्यापूर्वी एकदा गट कार्यालयात निरोप द्यावा. मी बघायला येईन. कोठी वापरण्याजोगी असेल तर तसे सांगेन, नसेल तर तेही स्पष्ट सांगेन. या वेळी मात्र विचारल्याशिवाय उत्तर देणार नाही.